मोबाईलवरची अफवा आणि मनातली अफवा



पारोळा तालुक्यातील एका खेड्यावरून एका बहिणीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका, असे तिने दोनदा लिहिले आहे; म्हणून छापत नाही. पण तिचा प्रश्न तिच्या एका घरापुरता नाही. बोरीकाठच्या कितीतरी घरांत तो रात्री जागा असतो. म्हणून या वेळची सारी जागा त्या पत्राच्या उत्तराला दिली आहे.

पत्रातील हकिकत थोडक्यात अशी. घरची पाच एकर कोरडवाहू जमीन. दिवाळीनंतर वेचलेला कापूस मधल्या खोलीत पडून आहे. भाव वाढेल म्हणून विकला नाही. आता मुलांच्या अंगाला खाज सुटली आहे आणि दुकानदाराची उधारी दारात उभी आहे. पुढचे तिच्याच शब्दांत वाचा:

“पूर्वी जेवण झालं की हे ओट्यावर जाऊन बसत, चार माणसांत बोलत. आता ताट समोर आणि मोबाईल हातात. रात्री एक-दीडपर्यंत अंधारात यांच्या तोंडावर उजेड दिसतो. एक जण सांगतो भाव वाढणार, दुसरा सांगतो आणखी पडणार. काही विचारलं तर अंगावर येतात. अर्धी भाकर टाकून उठतात. परवा म्हणाले, मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं. सासूबाई म्हणतात, बाहेरचं लागलं आहे, भगताकडे न्या. माझा भाऊ म्हणतो, मोबाईल फोडून टाक. तुम्ही सांगा, हा मोबाईलचा नाद आहे की डोक्याचा आजार?”

ताई, तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी थांबलो. कापसाचे आणि मोबाईलचे पुढे बोलू. ‘मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं’ हे वाक्य कर्त्या माणसाच्या तोंडून आले, की ते रागाच्या भरात बोलले म्हणून सोडून देऊ नये. तेव्हा आजच्या आज करायच्या तीन गोष्टी आधी सांगतो.

पहिली गोष्ट. मुले झोपली की शेजारी बसा आणि सरळ विचारा, “जीव द्यावा असं मनात येतं का?” असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल, अशी भीती आपल्याला वाटते. ती भीती खोटी आहे. उलट, कोणीतरी विचारले म्हणून मन मोकळे होते. उत्तर ‘हो’ आले तर त्यांना एकटे सोडू नका, रात्रीही नाही, आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टर गाठा.

दुसरी गोष्ट. फवारणीची औषधे घरातून आणि शेतातल्या खोलीतून हलवा. विश्वासातल्या शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. असा विचार नदीच्या पुरासारखा चढतो आणि ओसरतो. पूर चढलेला असताना हाताशी काही सापडले नाही, तर माणूस वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली गेली, त्यानंतर तिथल्या आत्महत्या खूप खाली आल्या. शेती तीच होती, अडचणीही होत्या. जीव मात्र वाचले.

तिसरी गोष्ट. १४४१६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. आजारी माणसानेच फोन केला पाहिजे असे नाही. तुम्ही करा, तुमच्या भावाने करावा, सासूबाईंनी केला तरी चालेल.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. नाद की आजार, हे समजायचे तर भीती कशी वाढते ते आधी समजून घ्यावे लागेल. त्यासाठी आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातली एक घटना आठवतो. ती आठवली की आजही मान खाली जाते.

रविवार, १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातले राईनपाडा हे गाव. आठवडे बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तिथे उतरले. हा भटका समाज; पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारा. आपल्या आजी-पणजीने त्यांच्या झोळीत पसाभर जोंधळे घातले असतील. पण त्या दिवसांत मोबाईलवर एक अफवा फिरत होती, की मुले पळवणारी टोळी आली आहे. बाजारातल्या लोकांना या पाच जणांचा संशय आला. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले आणि पाचही जण मेले.

मारणारे लोक जन्माचे खुनी होते काय? नाही. बाजाराला आलेली, बायकामुले असलेली माणसे होती ती. त्यांच्या मनात काय शिरले होते? त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक अशी होती: मोटारसायकलवरचे दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. ती मुळात पाकिस्तानातील कराची शहरात केलेली होती आणि मुलांची काळजी घ्या, हे लोकांना सांगण्यासाठी केलेली होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. उरली ती नुसती भीती, आणि तीच लोक एकमेकांना पाठवत राहिले.

त्याच रविवारी मालेगावातही असाच प्रसंग आला. भिक्षा मागणाऱ्या एका कुटुंबाभोवती जमाव जमला. त्यांच्याबरोबर दोन वर्षांचे लेकरू होते. तिथे वस्तीतल्याच माणसाने त्यांना घरात घेतले, पोलिस आले आणि सारे वाचले. दिवस तोच आणि अफवाही तीच. फरक इतकाच, की तिथे कोणीतरी मध्ये उभे राहिले.

अफवा का वाढते, याचा एक साधा हिशेब आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवांवर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकाराइतका असतो. एक, ती बाब आपल्याला किती जिवाची आहे. दुसरी, तिच्याबद्दलची माहिती किती अंधुक आहे. ही बेरीज नव्हे, गुणाकार आहे, हे ध्यानात ठेवा. दोहोंपैकी एक शून्य झाली, की सगळेच शून्य. आपले लेकरू जिवाचे असते, ते शून्य करता येत नाही. पण अंधुकपणा शून्य करता येतो. पोलिस पाटलांना विचारले, आलेल्या माणसाला पाणी देऊन गाव-नाव विचारले, की अफवेतले वारे निघून जाते.

अफवा काही मोबाईलने जन्माला घातली नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तेव्हा खेड्यात मोबाईल कुठे होते? पण तेव्हा बातमी माणसाच्या तोंडून येई. सांगणाऱ्याचे तोंड दिसे. तो थापाड्या आहे की शहाणा, हे गावाला ठाऊक असे. मोबाईलवर तोंड दिसत नाही. शिवाय एकच गोष्ट दहा ठिकाणांहून येते, आणि माणसाचे मन असे आहे, की पुन्हा पुन्हा ऐकलेली गोष्ट त्याला खरी वाटू लागते. १९७७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे तपासून पाहिले होते. तीच विधाने काही दिवसांच्या अंतराने पुन्हा ऐकवली, तर खोटी विधानेसुद्धा लोकांना अधिक खरी वाटली.

राईनपाड्यासारख्या घटनांनंतर व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे पाठवलेल्या निरोपावर बाणाची खूण येऊ लागली. फार हातांतून फिरून आलेल्या निरोपावर दुहेरी बाण असतो. दुहेरी बाण दिसला, की समजावे: मूळ कोण, हे पाठवणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नाही.

ताई, तुम्ही म्हणाल, मी कापसाचे विचारले आणि हे राईनपाड्याचे काय सांगत बसले. पण तोच गुणाकार तुमच्या मधल्या खोलीत चालू आहे. कापूस जिवाचा, वर्षाचे सारे त्यावर आहे. आणि उद्याचा भाव अंधुक. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेने खानदेशात कितीतरी जणांनी घरे कापसाने भरून ठेवली आणि भाव खाली आले. तेव्हापासून ही आशा आणि ही धास्ती आपल्या मनातून गेलेली नाही. अशा मनाला मोबाईलवर रोज नवा भविष्यवेत्ता भेटतो. त्यातून मोबाईलची रीत अशी, की ज्या गोष्टीवर बोट थांबते, तीच गोष्ट तो पुन्हा पुढे आणतो. भावाची चिंता असलेल्या माणसाला तो भावाचीच चिंता वाढतो. एकच भीती पन्नासदा ऐकली, की ती खरी वाटणारच.

मग माणूस तो खाली का ठेवत नाही? स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. कबुतराने कळीवर चोच मारली की दाणा पडे. दाणा ठरल्याप्रमाणे पडत असेल, तर पुढे तो बंद केल्यावर कबुतर लवकर चोच मारायचे थांबे. पण कधी पडे, कधी न पडे असे केले, की कबुतर चोच मारतच राही. दाणा बंद झाला तरी कितीतरी वेळ मारत राही. आकडा लावणाऱ्याचे तेच होते, आणि रात्री एक वाजता मोबाईलवर बोट फिरवणाऱ्याचेही तेच. पुढच्या चित्रफितीत चांगली बातमी असेल, ही आशा त्याला झोपू देत नाही. तेव्हा त्यांना आळशी किंवा नादिष्ट म्हणून हिणवू नका. हिणवलेला माणूस आणखी अंधारात जाऊन बसतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. बाहेरून आलेल्या अफवेसारखी मनातही अफवा उठते. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ ही मनातली अफवा आहे. ‘सगळ्यांचं चाललं आहे, माझंच बुडालं’ हीदेखील अफवाच. ती ऐकणाऱ्याला अगदी खरी वाटते, कारण ती रोज रात्री तोच सांगतो आणि तोच ऐकतो. तिथे पोलिस पाटील नसतो, मध्ये उभा राहणारा शेजारी नसतो. पूर्वी ओट्यावर बसल्यावर कोणीतरी सहज म्हणे, “अरे आप्पा, मन्हाबी कापूस घरमाच शे!” एवढ्या एका वाक्याने अर्धे ओझे उतरे. मोबाईलवर मात्र दुसऱ्याचा नवा ट्रॅक्टर दिसतो; त्या ट्रॅक्टरचा हप्ता दिसत नाही. अलीकडे काही जण मनातले दुःख मोबाईलमधल्या यंत्रालाच सांगतात. ते गोड उत्तर देते. पण ताटात अर्धी भाकर उरली, हे त्या यंत्राला दिसत नाही. ते तुम्हाला दिसले, म्हणून तुम्ही पत्र लिहिले.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे: नाद आहे, आणि आजारही असू शकतो. मोबाईलच हे बी पेरतो असे नाही. उधारी खरी आहे, कापूस खरा आहे. पण पडलेल्या बियाला तो रोज रात्री पाणी घालतो. झोप नाही, भूक नाही, चिडचिड, कशात रस नाही, आपण निरुपयोगी असे वाटणे, हे सारे पंधरा दिवसांहून अधिक टिकले, तर त्याला उदासीनतेचा आजार समजून डॉक्टरांना दाखवावे. तो औषधाने आणि बोलण्याने बरा होतो. औषधांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या बंद करू नका आणि डॉक्टरांना न विचारता मध्येच सोडूही नका.

कुठे दाखवावे? महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये पूर्वीपासून चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. खानदेशातून सगळीच लांब. ‘वेड्यांचा दवाखाना’ म्हणून त्यांची धास्ती निराळी. मग जवळचा भगत सोयीचा वाटे, यात नवल नाही. उपचार गावाजवळ आणावेत म्हणून १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम. आज जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवता येते. पारोळ्याहून एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारा. कुठे, कोणत्या वारी जायचे ते सांगतील.

सासूबाईंचे मन दुखवू नका. देवाला नारळ फोडायला, अंगारा लावायला माझी हरकत नाही. माऊलीच्या मनाला धीर येतो. पण मारणे, उपाशी ठेवणे, साखळीने बांधणे होऊ देऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने मानसिक आजाराच्या रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. उपचार मिळणे हा माणसाचा हक्क आहे, असेही तो सांगतो. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार नसून मोठ्या ताणाखाली आहे असे धरावे आणि त्याची काळजी घ्यावी, हेही त्याच कायद्यात आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने काही लपवू नका.

तुमच्या भावालाही सांगा, मोबाईल फोडू नको. ज्या मोबाईलने भीती घरात आणली, त्याच मोबाईलवर १४४१६ लागतो. लांबच्या डॉक्टरांशी तोंड बघून बोलता येते, पुन्हा दाखवायची खेप वाचते. विळ्याने बोट कापले म्हणून आपण विळा विहिरीत टाकत नाही. वापरायची जागा आणि वेळ ठरवतो.

वेळ कशी ठरवावी, याचा एक दाखला सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक रिवाज सुरू केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि मोबाईल, टीव्ही बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो. त्या दीड तासात मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात, एकमेकांशी बोलतात. करोनाच्या काळात शाळेसाठी मुलांच्या हातात मोबाईल आला आणि तो सुटेना, त्यावर गावाने काढलेला हा तोडगा. यात शहाणपणाची गोष्ट अशी, की एकट्याने सोडायला जड जाते ते साऱ्या गावाने मिळून ठेवले.

तुमच्या गावात भोंगा वाजेल तेव्हा वाजो. घरात एवढे करा. जेवताना सगळ्यांचे मोबाईल देवळीत, तुमचाही. रात्री मोबाईल झोपायच्या खोलीबाहेर, ओसरीत लावून ठेवायचा. वेळ बघायला साधे घड्याळ आणा. कापसाचा भाव दिवसातून एकदाच बघायचा, तोही भविष्यवेत्त्याकडून नव्हे. बाजार समितीत किंवा जिनिंगवर आजचा भाव काय, एवढेच विचारायचे. पहिले आठ दिवस चिडचिड वाढेल. ती उतरेल.

आणखी एक नाजूक बाब. मोबाईलवरून कर्ज घेतले आहे का, पैशाच्या खेळात काही गेले आहे का, हे न रागावता विचारा. कर्ता माणूस मार सोसतो, पण लाज सोसत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. मोबाईलवर कोणी फसवले असेल, तर १९३० या नंबरवर लगेच तक्रार करता येते. लपवलेले कर्ज म्हणजे पुन्हा तोच गुणाकार: जिवाची गोष्ट आणि काळोख. आकडा कागदावर आला, की तो आकडाच राहतो. त्याचे भूत होत नाही.

आणि आता दोन शब्द तुमच्या घरधन्याला. हे पान त्यांच्या नजरेस पडेल असे ठेवा.

भाऊ, कापूस विकायचा की ठेवायचा, ते मी सांगणार नाही. शेत तुमचे, घाम तुमचा. पण कापसाचा आणि स्वतःचा, दोन्ही निर्णय रात्री एक वाजता, अंधारात, एकट्याने घेऊ नका. सकाळ होऊ द्या. कोणाला तरी शेजारी बसवा. राईनपाड्यात त्या दिवशी मध्ये उभे राहायला कोणी नव्हते. तुमच्या घरात आहे. तिने दोन पानांचे पत्र लिहिले आहे.

ताई, पुढे काय झाले ते अवश्य कळवा. पत्राची वाट बघतो.